मदत हवी आहे: थायलंड, व्हीगन लेक आणि चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाई

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावचे, शहापूर भागातले. दसऱ्याच्या सुट्टीत थायलंडला जायचं घाटतंय. (महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी: आमच्याकडे शाळेला मोठी सुट्टी दसऱ्याची असते.) राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरू, तिथून विमानानं बँकॉक, मग फुकेत. तिकिटं अजून काढलेली नाहीत, म्हणून आत्ताच विचारते.

अडचण जेवणाची आहे. लेक धारवाडला शिकायला गेली आणि व्हीगन झाली. दूध, दही, तूप, मध सगळं बंद. घरी तिचं काही अडत नाही. भाकरी, झुणका, मडकीची उसळ, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, यात दूध-तूप असतंच कुठं? फक्त कुंद्याचा (आमच्याकडची दुधाची मिठाई) डबा उघडला की ती खोलीतून उठून जाते आणि सासूबाई माझ्याकडं बघतात.

सासूबाई माळकरी. चातुर्मासात कांदा-लसूण नाही, आणि दसरा चातुर्मासातच येतो. अंडं तर कधीच नाही. नवऱ्याला ताटात काहीही पडलं तरी चालतं, त्याची काळजी नको.

एका टूरवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "काळजी नको ताई, इंडियन रेस्टॉरंट असतंच की." असतं हो, पण तिथली ग्रेव्ही कांदा, लसूण आणि क्रीमची. म्हणजे लेकही उपाशी आणि सासूबाईही. दोघींना एका टेबलावर बसून खाता येईल असं तिथं काही मिळतं का? कुणी असं कुटुंब घेऊन गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद:

ताई, तुमच्या दोघींसाठीच तो देश आहे असं समजा. थायलंडमध्ये चिनी वंशाच्या लोकांत "जे" म्हणून जेवणाची पद्धत आहे. त्यात मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं, आणि कांदा, लसूण, पात असल्या उग्र भाज्याही चालत नाहीत. म्हणजे लेकीचं पथ्य आणि सासूबाईंचं पथ्य एकाच ताटात. दुकानावर किंवा गाडीवर पिवळी पताका आणि तिच्यावर लाल अक्षर दिसेल. दुरून इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं दिसतं. ती खूण शोधत फिरायचं. तोंडी सांगायचं तर "किन जे".

फक्त व्हेज म्हणून सांगू नका. "मांगसाविरात" म्हटलं की ते शाकाहारी देतात, पण त्यात अंडं-दूध असू शकतं आणि कांदा-लसूणही येतो.

प्रतिसाद:

वरच्या प्रतिसादाला जोड. दरवर्षी चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात पहिले नऊ दिवस "जे"चा उत्सव असतो. बऱ्याच वर्षी तो आपल्या नवरात्राला लागूनच येतो (2024 मध्ये दोन्ही 3 ऑक्टोबरला सुरू झाले), पण अधिक महिन्याच्या हिशोबानं कधी महिनाभर पुढं सरकतो. 2025 मध्ये तसंच झालं. तेव्हा आधी तारखा बघा आणि मगच तिकीट काढा. त्या दिवसांत बँकॉकच्या यावरात भागात, म्हणजे चायनाटाऊनमध्ये, रस्ताभर पिवळ्या पताका लागतात आणि एरवी मासे-डुक्कर तळणारे गाडेवालेही "जे" करतात.

फुकेतचा उत्सव सगळ्यात मोठा, पण एक सांगून ठेवतो. तिथल्या मिरवणुकीत अंगात आलेली माणसं गालातून सळया, भाले आरपार घालून चालतात. सासूबाईंनी सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा बघितली असेल तर कदाचित काही वाटणार नाही, पण आधी कल्पना दिलेली बरी.

मूळ प्रश्नकर्ती:

सौंदत्तीला त्या दरवर्षी जातात, तरी सळयांचं मी त्यांना आत्ता नाही सांगत! उत्सव नसेल तेव्हा रस्त्यावरचं काय खाता येईल?

प्रतिसाद:

उत्सव नसला की डोळे उघडे ठेवायचे. थाई स्वयंपाकात माशाचा रस (नाम प्ला), कोळंबीची वाटण (कापी) आणि ऑयस्टर सॉस हे मिठासारखे पडतात. "मांस नको" म्हटलं तर मांस निघतं, पण सॉस राहतो.

सोम तामचंच बघा. कच्च्या पपईची कोशिंबीर. समोर लाकडी दांडक्यानं कुटून देतात. मिरची, लसूण, ताडाचा गूळ, लिंबू, भाजलेले शेंगदाणे, सगळं आपल्या ओळखीचं, तोंडाला पाणी सुटतं. आणि मग शेवटी सुक्या कोळंबीची चिमूट आणि बाटलीतला नाम प्ला. आधीच "माई साई नाम प्ला" (माशाचा रस घालू नका) आणि "माई साई कुंग हेंग" (सुकी कोळंबी नको) म्हणा, आणि सासूबाईंसाठी लसूणही नको म्हणून सांगा. तरी खलबत्ता तोच असतो, ते सासूबाईंना चालेल का बघा. माझ्या मते न सांगता पुढं करू नये. हिरव्या-लाल करीच्या वाटणात बहुतेक वेळा कापी असतेच, ती सरळ सोडून द्या.

निर्धास्त खायचं म्हणजे फळं, साधा भात, आणि आंबा घालून नारळाच्या दुधातला चिकट भात. तो लेकीला फार आवडेल. रस्त्यावरच्या रोटीवर मात्र कंडेन्स्ड मिल्क ओततात. सोयादुधाच्या काही बाटल्यांतही दूध पावडर असते, तेव्हा तिथंही "जे"ची खूण असलेलीच घ्या. फोनवर हॅपी काऊ ॲप घाला, व्हीगन हॉटेलं नकाशावर दिसतात.

प्रतिसाद:

अक्का, आम्ही निपाणीकडचे. तुमी डबा न्या की! कडक भाकरी महिनाभर टिकते, बॅगेत चुरा झाला तर चटणी आन् तेल घालून खायचा. जवसाची, कारळ्याची चटणी, भडंग, चुरमुरे. सासूबाईंच्या वाट्याची चटणी बिनलसणाची वेगळी कुटा, भडंगातही लसूण टाकू नका. करदंट नको, त्यात तूप पडतंय. सगळं चेक-इन बॅगेत घाला, मिरचीपूड हातातल्या बॅगेत बघून सिक्युरिटीवाले काढायला लावतात. उलट सुक्या खोबऱ्याची वाटी चेक-इनला चालत नाही, तेल सुटून पेट घ्यायचा धोका म्हणून 2022 पासून बंदी आहे. चटणीत कुटून घातलेलं खोबरं वेगळं.

प्रतिसाद:

विमानातलं जेवण विसरू नका. बुकिंग करताना लेकीसाठी व्हीजीएमएल हा कोड घ्या, तो व्हीगन. एव्हीएमएल घेतला तर भारतीय शाकाहारी येईल, म्हणजे दही-पनीर आलंच. सासूबाईंना जैन जेवण, व्हीजेएमएल. निदान 24 तास आधी सांगावं लागतं, आणि स्वस्तातल्या विमानात बऱ्याचदा ही सोय नसते, तिथं भडंग उपयोगी पडेल.

मूळ प्रश्नकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीनं धागा वाचला आणि लगेच उत्सवाच्या तारखा शोधायला बसली. सासूबाईंना "जे"चं सांगितलं तर पहिला प्रश्न, "मग ताक?" त्याचं काय करू?

प्रतिसाद:

तयार ताक विसरा. दूध सेव्हन-इलेव्हन नावाच्या दुकानांत कुठंही मिळतं, दही पण मिळतं, पण बरीच गोड असतात, साधं मागून घ्या. खोलीवर पाणी-मीठ घालून घुसळलं की झालं. जिरेपूड घरून न्या.

आणि साहेबांचं म्हणाल तर उत्सवाच्या दिवसांतही फुकेतच्या किनाऱ्याकडं पातोंगला मासे-चिकन चालूच असतं. त्यांना तिकडं सोडा.