गेटिसबर्गची ९वी मॅसॅच्युसेट्स बॅटरी : पराक्रम, की दुसऱ्याच्या चुकीची भरपाई?

गोलंदाज

अमेरिकेच्या यादवी युद्धावर मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं त्यात लिंकन असतो, ग्रँट-ली असतात, तोफखाना क्वचितच. म्हणून एका स्वयंसेवक तुकडीबद्दल लिहितो. माझं मत शेवटी मांडलं आहे, त्यावर तुटून पडा.

९वी मॅसॅच्युसेट्स बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, ऑगस्ट १८६२ मध्ये उत्तरेच्या (युनियनच्या) सैन्यात दाखल झाली. बहुतेक माणसं बॉस्टन आणि आसपासची. पहिले काही महिने वॉशिंग्टनच्या संरक्षक किल्ल्यांत कवायत करण्यात गेले. १८६३ च्या सुरुवातीला हार्वर्डमधून नुकताच बाहेर पडलेला, पण लढाईत जखमी होऊन आलेला जॉन बिगेलो कॅप्टन म्हणून आला. त्याने इतकी कडक शिस्त लावली की माणसं त्याच्या नावाने बोटं मोडत. सहा तोफा, सगळ्या बारा पौंडी नेपोलियन, म्हणजे गुळगुळीत नळीच्या ब्राँझच्या तोफा. यांनी शत्रूवर पहिला गोळा डागला तो थेट २ जुलै १८६३ ला, गेटिसबर्गला.

त्या दिवशी उत्तरेच्या तिसऱ्या कोअरचा (सैन्याच्या मोठ्या विभागाचा) सेनापती डॅन सिकल्स ठरवून दिलेली जागा सोडून परस्पर अर्धा-पाऊण मैल पुढे, पीच ऑर्चर्डच्या (पीचच्या बागेच्या) उंचवट्यावर जाऊन बसला. फळीला नको तिथे कोपरा आला आणि मागे मोठी मोकळी जागा पडली. ती झाकायला राखीव तोफखाना बोलावला. त्यात फ्रीमन मॅकगिल्व्हरीची स्वयंसेवक ब्रिगेड होती आणि तिच्यात बिगेलो. दोनेक तास या तोफा दक्षिणेच्या साउथ कॅरोलायनाच्या पायदळावर मारा करत राहिल्या. सहाच्या सुमारास पीच ऑर्चर्ड पडलं, उत्तरेचं पायदळ निघून गेलं आणि बॅटरी उघड्यावर पडली. घोडे जोडून वळायला वेळ नव्हता. मग तोफेच्या शेपटाला लांब दोर बांधून तो लिंबरला, म्हणजे तोफ ओढणाऱ्या दोनचाकी घोडागाडीला, जोडला, आणि डागत डागत मागे सरकले. प्रत्येक बार उडाला की तोफ धक्क्याने मागे जाते, दोर तिला आणखी ओढतो. असे साधारण चारशे यार्ड आले ते ट्रॉसलच्या शेतातल्या दगडी कुंपणाच्या कोपऱ्यात.

तिथे मॅकगिल्व्हरीने हुकूम दिला : काहीही झालं तरी इथे थांबा, मी मागे तोफांची नवी फळी उभारतो. पायदळ एकही नाही. समोरून दक्षिणेची २१वी मिसिसिपी रेजिमेंट. कॅनिस्टर म्हणजे पत्र्याच्या डब्यात सत्तावीस लोखंडी गोळ्या. असे ९२ डबे या बॅटरीने त्या दिवशी झाडले. मिसिसिपीवाले लिंबरवर चढून घोडे मारू लागले तोवर गोलंदाज तोफेपाशी होते. चार तोफा गेल्या, दोन वाचल्या. २८ माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. चारपैकी तीन अधिकारी त्यातच. ८८ पैकी ८० च्या आसपास घोडे संपले.

आता माझं मत. हा पराक्रम मला मान्य आहे, पण तो ज्या रीतीने गायला जातो ती मान्य नाही. सिकल्स जागेवर राहिला असता तर बिगेलोला ट्रॉसलच्या कोपऱ्यात उभं राहावं लागलंच नसतं. आपण बलिदानाचे गोडवे गातो आणि ज्याच्यामुळे ते करावं लागलं तो सुटतो. सिकल्सला १८९७ मध्ये मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. बिगेलोला नाही, मॅकगिल्व्हरीलाही नाही.

निवृत्त_सुभेदार

लेख आवडला, निष्कर्ष नाही. मी स्वतः तोफखान्यात नोकरी केली आहे, म्हणून थोडं अधिकाराने बोलतो.

सिकल्स चुकला हे कोण नाकारतंय? पण लढाईत सहा वाजता तुम्हाला चार वाजताची चूक दुरुस्त करता येत नाही. सहा वाजता मॅकगिल्व्हरीसमोर एवढंच होतं : मागे सिमेटरी रिज या लांबट उंचवट्यावर मोठं भगदाड, जवळ पायदळ नाही, हातात विस्कटलेल्या बॅटऱ्या. त्याने एक बॅटरी खर्ची घालून बाकीच्या वाचवल्या. हा मेन राज्याचा माणूस मुळात जहाजाचा कप्तान. वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचं तोंड पाहिलेलं नाही, आणि हिशेब मात्र पक्का.

त्या काळात तोफा गमावणं ही नामुष्की मानत. म्हणून बरेच कॅप्टन वेळेआधी तोफा काढून न्यायचे आणि पायदळ उघडं पडायचं. तोफा जाणार हे माहीत असून थांबवणं आणि थांबणं, दोन्हींना छाती लागते. तोफ पुन्हा ओतता येते. त्या चार तोफा तर त्याच संध्याकाळी परत मिळाल्या.

बाजीप्रभूंनी खिंड अडवली तेव्हा ‘पन्हाळ्याला वेढा पडलाच का’ असं आपण विचारत बसतो का?

शंकेखोर

सुभेदार साहेब, बाजीप्रभूंना मधे आणलंत ते बरंच केलंत, कारण फरक तिथेच दिसतो. घोडखिंडीत कोणासाठी थांबायचं, कधीपर्यंत थांबायचं हे आधी ठरलेलं होतं : महाराज विशाळगडावर पोचले की तोफांचे आवाज. इथे तसं काही नव्हतं. ‘फळी उभी होईपर्यंत’ म्हणजे कधीपर्यंत? बिगेलोला ते कळायला मार्गच नव्हता.

आणि मूळ शंका तर कोणीच काढली नाही. त्या अर्ध्या तासाने खरंच काय साधलं? दक्षिणेच्या जनरल बार्क्सडेलच्या ब्रिगेडमधल्या चारपैकी तीन रेजिमेंट डावीकडे, उत्तरेला वळल्या होत्या. बिगेलोवर आली ती एकटी २१वी मिसिसिपी, कर्नल हम्फ्रीजची. तिला मागून कुमक नव्हती. ती बिगेलोच्या तोफांवरून पुढे गेली आणि प्लम रन ओढ्यापाशी उत्तरेच्या वॉटसनची बॅटरीही तिने घेतली. ती तर नियमित सैन्याची, ५व्या तोफखाना रेजिमेंटची. म्हणजे ज्या नव्या फळीसाठी बिगेलोला बळी दिलं त्या फळीतलीच एक बॅटरी त्याच रेजिमेंटने घेतली! बार्क्सडेलला खरं रोखलं ते उत्तरेचा सेनापती हॅनकॉक याने आणलेल्या विलर्डच्या न्यूयॉर्कवाल्या पायदळाने. बार्क्सडेल तिथेच पडला, विलर्डही मेला.

आता ही हकीकत कोणी सांगितली ते पाहा. बिगेलो आणि त्याच्याच माणसांनी, युद्ध संपल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी आणि त्याहूनही उशिरा. एका बॅटरीची गेटिसबर्गच्या मैदानावर तीन स्मारकं आहेत. शेकडो तुकड्या लढल्या, किती जणांच्या वाट्याला तीन आली? मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण म्हाताऱ्या सैनिकांच्या मेळाव्यांत प्रत्येकाला आपणच लढाई वाचवली असं वाटायचं, आणि ज्यांच्यातले वकील-लेखक जास्त त्यांची गोष्ट टिकली. मॅसॅच्युसेट्सला लिहिणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती.

पेनसिल्व्हेनियाकर

मी तिथून तासाभराच्या अंतरावर राहतो. पाहुणे आले की गेटिसबर्ग दाखवायला न्यावंच लागतं, त्यामुळे ही जागा पायाखालची आहे. ट्रॉसलच्या विटांच्या कोठाराच्या भिंतीला गोळ्याने पडलेलं भोक आजही दिसतं.

शंकेखोर, नकाशावर बोट ठेवून बोलणं वेगळं आणि त्या कोपऱ्यात उभं राहणं वेगळं. ट्रॉसलच्या घरापासून पूर्वेला बघा. सखल झुडपाळ ओढा, तो प्लम रन. पलीकडे उघडा चढ, आणि चढावर सिमेटरी रिज. त्या संध्याकाळी त्या चढावर कोणीही नव्हतं. हॅनकॉक विलर्डला घेऊन येतच होता, पण ‘येत होता’ आणि ‘आला’ यात जी मिनिटं असतात तीच बिगेलोने दिली. हम्फ्रीज वॉटसनच्या तोफांपर्यंत पोचला हे खरं. पण तो अर्धा तास आधी, ताज्या दमाने पोचला असता तर? त्या तोफाही त्याच्या ताब्यात राहिल्या नाहीत, ३९व्या न्यूयॉर्कने परत घेतल्या. त्याला पाय रोवता आले नाहीत, कारण तो थकून आणि एकटा पोचला.

बाहेर पडायची वाट किती अडचणीची होती तेही सांगतो. दगडी गडग्याला एकच फाटक. निघताना पहिली तोफ तिथेच उलटली, वाट बंद. ती सरळ करेपर्यंत दुसरी तोफ गडग्यावरूनच न्यावी लागली, वरचे दगड काढून. वाचलेल्या दोन त्या ह्याच. असल्या सापळ्यात कॅप्टन हौसेने थांबत नसतो.

गिरगावकर

थोडं अवांतर. याच युद्धामुळे दक्षिणेचा कापूस अडला आणि आपल्या मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद, बॅक बे भराव कंपनीचे शेअर, सगळं त्याच चार वर्षांतलं. १८६५ मध्ये ली शरण आला, भाव कोसळले आणि निम्मी मुंबई बुडाली. त्यामुळे गेटिसबर्गला कोण जिंकतंय याची काळजी आमच्याकडच्या सट्टेबाजांना बॉस्टनवाल्यांइतकीच असणार :)

शंकेखोर

गिरगावकर, त्यावर वेगळा धागा काढा, नक्की येतो. इथे तोफा चालू द्या.

अबोली

तुम्ही सगळे कॅप्टन आणि कर्नल यांच्यातच अडकलात. मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत.

एक, चार्ल्स रीड. हा बॅटरीचा बिगुलवाला, चित्रकार, त्याची लढाईतली रेखाटनं प्रसिद्ध आहेत. बिगेलोला दोन गोळ्या लागल्यावर त्याने रीडला मला सोडून जा असं सांगितलं. रीड गेला नाही. कॅप्टनला घोड्यावर चढवलं, स्वतः लगाम धरला आणि मधल्या मोकळ्या मैदानातून सावकाश निघाला. मागून बंदुका, पुढून ६व्या मेन बॅटरीच्या आपल्याच तोफा. रीडला मेडल ऑफ ऑनर १८९५ मध्ये मिळालं, बिगेलोच्याच शिफारशीवरून. गंमत बघा : मॅकगिल्व्हरीचा हुकूम पाळला म्हणून बॅटरी अमर, आणि बिगेलोचा हुकूम मोडला म्हणून रीड. स्वयंसेवक सैन्य म्हणजे नेमकं हेच. हुकूम मानायचा की नाही ते शेवटी माणूस पाहून ठरतं.

दोन, कोण कशासाठी लढत होतं हे या चर्चेत कुठेच नाही. गेटिसबर्ग ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियात शिरताना दक्षिणेचा सेनापती ली याच्या सैन्याने स्वतंत्र काळ्या माणसांना पकडून दक्षिणेत धाडलं. दुसऱ्या दिवशी या बॅटरीच्या उरलेल्या तोफा झीगलर्स ग्रोव्ह या राईपाशी उभ्या होत्या, आणि त्याला लागूनच अब्राहम ब्रायन या स्वतंत्र काळ्या शेतकऱ्याचं शेत. तो कुटुंबासह आधीच निघून गेला होता, नाहीतर त्याची गतही तीच. फळीचं ‘भगदाड’ बुजवलं म्हणजे काय वाचवलं, ते अशा ठिकाणी नीट कळतं. मिसिसिपीवाल्यांच्या शौर्याचं कौतुक करताना तेवढं ध्यानात असू द्या.

गोलंदाज

अबोलीताई, ब्रायनचा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा असा आहे. मात्र ‘माणूस पाहून हुकूम’ हे पटत नाही. रीडने एका जखमी माणसाचा हुकूम मोडला, बॅटरीचा नाही.

सुभेदार साहेब, चार वाजताची चूक सहा वाजता दुरुस्त होत नाही, कबूल. पण माझी तक्रार सहा वाजताची नाहीच, ती लढाईनंतरच्या पन्नास वर्षांची आहे. सिकल्स मूळचा राजकारणी, न्यूयॉर्कचा काँग्रेसमन. १८५९ मध्ये बायकोच्या प्रियकराला व्हाइट हाउससमोर गोळी घातली आणि ‘तात्पुरतं वेड’ म्हणून सुटला. गेटिसबर्गला ट्रॉसलच्या कोठारापाशी त्याचा पाय गेला, तेही बिगेलो तिथे येण्याच्या जरासं आधी. ते हाड त्याने लष्कराच्या वैद्यकीय संग्रहालयाला दिलं आणि पुढे ते बघायला जायचा म्हणतात. १९१४ पर्यंत जगला, आणि मी पुढे सरकलो म्हणूनच लढाई जिंकली असं सांगत राहिला. मॅकगिल्व्हरी १८६४ मध्येच गेला, जखमी बोट कापताना दिलेल्या क्लोरोफॉर्मने. त्याची बाजू मांडणार कोण? म्हणून शंकेखोरांचा स्मारकांवरचा आक्षेप मला उलटा वाटतो. बॅटरीच्या माणसांनी स्वतः लिहिलं नसतं तर आज फक्त सिकल्सचंच ऐकू आलं असतं.

निवृत्त_सुभेदार

आता तुम्ही माझ्या बाजूला आलात, फक्त कबूल करत नाही :)

एक तांत्रिक भर. त्या वर्षीच्या मे महिन्यात चान्सेलर्सव्हिलच्या लढाईत तोफा विखुरलेल्या असल्याने फजिती झाली. त्यानंतर बॅटऱ्यांच्या ब्रिगेड बांधल्या. उत्तरेच्या तोफखान्याचा प्रमुख हेन्री हंट याने राखीव तोफखाना हाताशी ठेवला, जादा दारूगोळ्याच्या गाड्यांसकट. मॅकगिल्व्हरी सिकल्सच्या मदतीला येऊ शकला तो या रचनेमुळे. तरी स्वयंसेवक तोफखान्यात बढती जवळजवळ नव्हतीच. बॅटरी कॅप्टनची, त्यावरच्या जागा मोजक्या. हंट यावर सतत कुरकुरायचा. पायदळात इतक्या माणसांवर हुकमत असणारा ब्रिगेडियर झाला असता. तोफखान्यात तो लेफ्टनंट कर्नलच राहायचा.

शंकेखोर

रचना, बढती, सगळं मान्य. माझा प्रश्न अजून तसाच उभा आहे. पेनसिल्व्हेनियाकर म्हणतात हम्फ्रीज अर्धा तास आधी पोचला असता तर. पण पोचून एक रेजिमेंट काय करणार होती? सिमेटरी रिजवर चारेकशे माणसं, मागे कोणी नाही, आणि युनियनची कुमक चारी बाजूंनी येते आहे. ती फार तर तासभर टिकली असती. बिगेलोने रिज वाचवला असं म्हणणाऱ्यांनी त्या तासाभरात काय कोसळलं असतं ते दाखवावं.

पेनसिल्व्हेनियाकर

दाखवतो. तीन तारखेला दक्षिणेच्या पिकेटच्या चढाईवर युनियनच्या डावीकडून मारा केला तो मॅकगिल्व्हरीच्या तोफांनी. त्याआधीच्या तोफयुद्धात हॅनकॉक गोळीबार करा म्हणून मागे लागला होता, आणि मॅकगिल्व्हरीने हंटच्या सूचनेप्रमाणे दारूगोळा राखून ठेवला. ती फळी उभी होती त्याच रिजवर, दोन तारखेला संध्याकाळी जिथे कोणीच नव्हतं तिथे. हम्फ्रीज तिथे आधी पोचला असता तर त्या सगळ्या बॅटऱ्या उभं राहायच्या आत, घोडे जोडलेल्या अवस्थेत त्याच्या बंदुकांपुढे सापडल्या असत्या. एका रेजिमेंटला रिज रात्रभर राखायची गरज नव्हती, घोडे मारायला दहा मिनिटं पुरली असती. ट्रॉसलच्या अंगणात तिने तेच केलं.