धुराच्या अलार्मची चाचणी: अगरबत्ती नको, बटण पुरे

अगरबत्तीचा धूर धरून अलार्म तपासावा, ही सूचना मला धोक्याची वाटते. त्यासाठी निखारा छतापर्यंत न्यावा लागतो आणि काजळी आत साचून संवेदक बिघडू शकतो. अमेरिकेतील एनएफपीए ही अग्निसुरक्षा संस्था महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबण्यास सांगते. ते झाडूच्या दांड्यानेही दाबता येते. मात्र त्या वेळी कुणाला तरी झोपायच्या खोलीत दार लावून थांबवावे, कारण आवाज तिथे पोहोचला तरच अलार्मचा उपयोग. आमचा अलार्म दर महिन्याला खणखणीत वाजत असे, पण खाली काढला तेव्हा पाठीवरच्या लेबलनुसार तो १३ वर्षांचा निघाला, आणि बदलण्याची मुदत १० वर्षांची आहे. फोडणीच्या धुराने वाजतो म्हणून कृपया बॅटरी काढू नका, तो शेगडीपासून किमान १० फूट दूर लावा.