गाईड अमरावतीला, विद्यार्थी दारव्ह्याकडे: ऑनलाइन साधनांनी संशोधन खरंच पुढं जातं का?

अडाणकाठ
दारव्हा तालुक्यातल्या गावात राहून मी अर्थशास्त्रात पीएच.डी. करते. विषय: कोरडवाहू कपाशीवाल्यांचं कर्ज. आमच्याकडचे एक ज्येष्ठ प्राध्यापक परवा म्हणाले की ऑनलाइन साधनं म्हणजे शहरातल्यांचे चोचले, खरं संशोधन गाईडच्या समोर बसूनच होतं. मला हे अजिबात पटत नाही. शहरातल्या विद्यार्थ्याला गाईड दोन मजले वर असतो. मला एसटीनं जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडावा लागतो. मग या साधनांची गरज जास्त कोणाला?

माझी प्रश्नावली कोबोटूलबॉक्स या सर्व्हेच्या साधनावर आहे, मराठीत. शेतात रेंज नसली तरी फॉर्म फोनमध्ये भरून राहतो, रात्री रेंज मिळाली की वर जातो. पहिल्या गावाच्या नोंदी गाईडनी त्याच रात्री अमरावतीत बसून पाहिल्या. बँकेचं नाही, सावकाराचं नाही, सोसायटीचंही नाही, म्हणजे बहुतेकांवर कर्जच नाही असं दिसत होतं. पण बी-खताचा खर्च तर मोठा. त्यांनी लगेच कळवलं, कृषी केंद्राची उधारी वेगळी विचार. दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रश्न फॉर्ममध्ये होता आणि चित्र पार बदललं. हे सगळा सर्व्हे संपल्यावर कळलं असतं तर?

पेपरांचे संदर्भ सांभाळायला झोटेरो वापरते. जॉर्ज मेसन विद्यापीठात 2006 मध्ये सुरू झालेलं, फुकट, आणि इंटरनेट नसताना चालणारं. 300 एमबीपर्यंत फाइल ठेवायला पैसे लागत नाहीत. आम्हा चार विद्यार्थ्यांचा गट आहे, एकानं मिळवलेला पेपर सगळ्यांना दिसतो. शोधगंगेवर जुने प्रबंध आहेतच. यातलं चोचले काय आहे?

मेळघाटी
ताई, प्रश्नावलीपुरतं तुमचं बरोबर. पण संशोधकांचे 'ऑनलाइन समुदाय' म्हटलं की मला धास्ती वाटते. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, धारणीकडे फिरतो. मेंडेली हे झोटेरोसारखंच साधन, ते 2013 मध्ये एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशन कंपनीनं विकत घेतलं. रिसर्चगेट ही बर्लिनची खासगी कंपनी. आपण तिथे पेपर टाकायचे, कोणी किती वाचले ते आकडे मोजत बसायचं, आणि धंदा त्यांचा. प्रोफाइल भरणं म्हणजे संशोधन नव्हे.

त्याहून गंभीर गोष्ट माहितीची. सफेद मुसळी या औषधी वनस्पतीचा फोटो जागेसकट टाकला की कंद उपटणाऱ्याला नकाशाच मिळाला. कोरकू भूमका, म्हणजे आदिवासी वैदू, वर्षानुवर्षं जपलेलं ज्ञान विश्वासानं सांगतो. ते तीन विद्यापीठांच्या शेअर केलेल्या फाइलमध्ये फिरतं, पेपर निघतो, आणि लेखकांत भूमकाचं नाव नसतं. जैवविविधता कायदा 2002 चा. त्याप्रमाणे गावाची जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. आधी तिथे विचारायला हवं. मिळून अभ्यास करायला सर्व्हर लागत नाही हे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं दाखवलंय. तिथे गावकरी आणि बाहेरचे अभ्यासक अभ्यासगटात एकत्र बसत आले, आणि 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला.

ग्रंथपाल_वाशीम
सर, सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप झाकली जाते, बाकीच्यांची आपण झाकू शकतो. मग ठिपका साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही दिसतो. संशोधनाच्या फाइली ठेवायचं झेनोडो तर सर्न या युरोपातल्या सार्वजनिक संशोधन संस्थेचं, 2013 पासून. फाइल तिथे ठेवूनही ती कोणाला उघडू द्यायची हे आपल्याच हातात असतं, आणि डीओआय, म्हणजे संदर्भ द्यायला कायमचा क्रमांक, मिळतो. खासगी कंपनीवरचा राग या साधनांवर काढू नये.

तासिकावाला
ताई, तुमचं काम चांगलं हाय, पन कोनासंगं मिळून करता तेही पाहा. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. मांगच्या वर्षी मोठ्या शहरातल्या एका प्राध्यापकानं ऑनलाइन ओळख काढली, मिळून पेपर करू म्हनला. तुरीवाल्या शेतकऱ्यायचे सारे फॉर्म मी भरले, उन्हातान्हात. पेपर आला तं माह्यं नाव आभारात! हे सहकार्य झालं का मजुरी?

आन् वाचाचं म्हनलं तं? एक राष्ट्र एक सदस्यता योजनेत जवळपास 13,000 नियतकालिकं हायेत, पन ते जाहीर झाली केंद्र आन् राज्य सरकारच्या संस्थांसाठी. आमचं कॉलेज खासगी संस्थेचं. मले निस्ता सारांश दिसते.

अडाणकाठ
दादा, तुमच्यावर अन्याय झाला, आणि तो ओळखीवर काम सुरू केल्यानं झाला. आता अनेक नियतकालिकं 14 भूमिकांची यादी मागतात: आराखडा कोणाचा, माहिती कोणी गोळा केली, विश्लेषण कोणाचं, मसुदा कोणाचा. ती यादी पहिल्याच दिवशी शेअर केलेल्या फाइलमध्ये लिहून घ्या. कोणी कधी काय लिहिलं हे त्या फाइलच्या इतिहासात राहतं. तोंडी बोलण्यात तुमच्या हाती काहीच नव्हतं.

मेळघाटी सर, संमतीबद्दल तुमच्याशी वाद नाही. मी संमती मराठीत वाचून दाखवते. नाव आणि गट नंबर वेगळ्या फाइलमध्ये, ती कुठेही शेअर होत नाही. प्रबंध झाल्यावर बाकीची माहिती झेनोडोवर ठेवणार आहे, म्हणजे यवतमाळच्या कर्जावर पुढे काम करणाऱ्याला परत शून्यापासून दारोदार फिरावं लागणार नाही. शेतकरी तेच प्रश्न ऐकून कंटाळलेत.

मेळघाटी
नाव काढल्यानं माणूस लपत नाही. पन्नास घरांचं गाव, पाच एकर, विधवा बाई, दोन म्हशी, सावकाराचं देणं. त्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल कोण ती. आणि ती फाइल सावकारही उघडू शकतो.

अडाणकाठ
हे मान्य. गावाचं नाव काढून तालुका ठेवते, जमीन नेमक्या एकरात न देता लहान-मध्यम-मोठी अशा गटांत देते, आणि घरातल्या माणसांचा तपशील फक्त परवानगी मागणाऱ्यालाच. मूळ नोंदी गाईडकडे. चालेल?

मेळघाटी
कर्जाच्या माहितीपुरतं चालेल. पण तालुका ठेवूनही एखादीच विधवा शेतकरी त्या गटात उरत असेल तर ती ओळ गाळा. भूमकांच्या ज्ञानाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. ते ग्रामसभेनं ठरवल्याशिवाय कुठल्याच सर्व्हरवर जाऊ नये, सर्नच्याही नाही.

तासिकावाला
ताई, तो कोबोचा फॉर्म माह्या जुन्या ॲन्ड्रॉइडवर चालन का? तुरीचा सर्व्हे आता माह्याच नावानं कराचा हाय.