मे महिन्यातल्या उन्हात फॉस्फो अँटिबॉडी गेली का? एमएलकेएलचा बँड येतच नाही

तर्री_पोहे
नमस्कार. नागपुरात पीएचडी करून राहिली आहे, तिसरं वर्ष. प्रश्न जरा रडका आहे, सांभाळून घ्या.

आमची अँटिबॉडी शनिवारी शहरात पोचली आणि रविवारभर कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पडून होती. सोमवारी दुपारी हातात आली तेव्हा बाहेर ४५ अंश, आणि डब्यातले जेल पॅक इतके कोमट की पाठ शेकली असती. आत १०० मायक्रोलिटरची कुपी. एमएलकेएल म्हणजे सेल फोडून मारणारं प्रोटीन; मानवी एमएलकेएलमधलं सेरीन ३५८ फॉस्फोरिलेट झालेलं, म्हणजे त्या जागी फॉस्फेट बसलेलं, ओळखणारी, सशाची मोनोक्लोनल. ग्रँटचे शेवटचे पैसे तिच्यात गेलेत.

हेला सेल्सना (मानवी कॅन्सरच्या) टीएनएफ आणि स्मॅक मिमेटिक (दोन्ही सेलला मरणाकडे ढकलणारी) आणि झेडव्हॅड (कॅस्पेस नावाची एन्झाइम बंद करणारं) असं तिन्ही ८ तास दिलं, म्हणजे नेक्रोप्टोसिस, एमएलकेएलनं सेल फुटून मरणं, व्हायला पाहिजे. तीनदा ब्लॉट केला (प्रोटीन वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर अँटिबॉडीनं शोधणं). एमएलकेएलच्या वजनाला, ५४ किलोडाल्टनपाशी, काहीच नाही. अ‍ॅक्टिन (तुलनेसाठीचं, सगळ्या सेल्समधलं प्रोटीन) ठसठशीत, आणि मेम्ब्रेनभर काळपट ढग. ब्लॉकिंग ५ टक्के दुधात, अँटिबॉडी १:१०००, रात्रभर कोल्ड रूममध्ये.

हो, झेडव्हॅड न घातलेल्या प्लेटमधल्या सेल्स मेल्या. तिन्ही दिलेल्या मात्र मजेत चिकटून होत्या. मला वाटलं अजून वेळ द्यावा लागेल.

मॅडम म्हणतात कंपनीला लिही, पण पुरावा दे. उन्हानं गेली हे दाखवायचं कसं?

सायीचं_दही
ताई, दूध बंद करा आधी. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, तुमचे ढग बहुतेक तिथूनच आले. ब्लॉकिंग आणि अँटिबॉडी दोन्ही ५ टक्के बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन). धुवायला पीबीएस (फॉस्फेटचं बफर) वापरत असाल तर तेही सोडा, टीबीएस-ट्वीन घ्या. सेल्स फोडायच्या लायसिस बफरमध्ये सोडियम फ्लोराइड, बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट आणि ऑर्थोव्हॅनाडेट आहे ना, फॉस्फेट निघून जाऊ नये म्हणून? व्हॅनाडेट पीएच १० ला आणून, पिवळेपणा जाईपर्यंत उकळून वापरायचं असतं. आमच्याकडे एका पोट्ट्यानं वर्षभर तसंच पिवळं वापरलं होतं.

जुनं_पिपेट
दुधाचं बरोबर आहे, पण तुझा आजार तो नाही. उत्तर तू स्वतःच लिहिलंस आणि पुढे निघून गेलीस.

झेडव्हॅड नसताना सेल्स मेल्या, म्हणजे टीएनएफ आणि स्मॅक मिमेटिक दोन्ही शाबूत आहेत. झेडव्हॅड घातल्यावर वाचल्या, म्हणजे कॅस्पेस बंद झाले, अपॉप्टोसिसची, म्हणजे सेलच्या नेहमीच्या शिस्तीतल्या मरणाची, वाट बुजली. आता दुसरी, नेक्रोप्टोसिसची, वाट उघडायला आरआयपीके३ हा एन्झाइम लागतो. एमएलकेएलवर फॉस्फेट बसवणारा तोच. आणि नेहमीच्या हेलामध्ये तो जवळजवळ नसतोच! एमएलकेएलवरच्या २०१२ च्या मूळ कामात हेला होत्या, पण आरआयपीके३ बाहेरून घातलेल्या. ज्या सेल्समध्ये फॉस्फेट बसलंच नाही, तिथे अँटिबॉडीनं काय दाखवावं?

एचटी-२९ आण. मानवी आतड्याच्या कॅन्सरच्या आहेत, आणि याच तिन्ही औषधांनी छान मरतात. एल९२९ कुणी देऊ केल्या तर घेऊ नको, त्या उंदराच्या. उंदरात ती जागा सेरीन ३४५ आहे, तिची अँटिबॉडी वेगळी.

आणि मेलेल्या सेल्स तरंगतात. मीडियम सक्शननं ओढून टाकलंस तर ज्यांच्यात बँड आहे त्याच सिंकमध्ये गेल्या. मीडियम ट्यूबमध्ये घे, फिरव, पेलेट खरवडलेल्या सेल्समध्ये मिसळ.

पुरावा हवाच असेल तर थोडं लायसेट फॉस्फेटेज इनहिबिटर न घालता कर, लॅम्डा फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम) घालून ३० अंशांवर अर्धा तास ठेव. बँड गेला तर तो खरंच फॉस्फोचा. नेक-१एस (आरआयपीके३च्या आधीची पायरी अडवणारं औषध) दिलेली एक लेनही ठेव, तिच्यात बँड कमी झाला पाहिजे. नेक्रोसल्फोनामाइडच्या लेनमध्ये मात्र बँड राहिला तर घाबरू नको. ते एमएलकेएलला फॉस्फेट बसल्यानंतरच्या पायरीवर अडवतं.

बर्डीचा_राजू
उन्हाची उगाच बदनामी करून राहिले सारे. आयजीजी (ही अँटिबॉडी) म्हणजे लोणी नाही वितळायला, दोन दिवसांच्या उबेनं सहसा मरत नाही. आमच्याकडे कुप्या मेल्या त्या वारंवार गोठवून-वितळवून. ग्लिसरॉल असेल तर उणे २० ला ठेवा, गोठत नाही. एचटी-२९ पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) मिळतील, पण वेळ लागेल. आधी शहरात विचारा, कॅन्सरवर काम करणाऱ्या कोणाकडे तरी असतीलच.

तर्री_पोहे
बाप्पा! तीन महिने मी कुरिअरवाल्याला शिव्या देऊन राहिली होती.

एचटी-२९ चा फ्लास्क शहरातच मिळाला. स्कूटीच्या डिक्कीत न ठेवता मांडीवर घेऊन ऑटोनं आणला, दुपारी तीन वाजता. बीएसए, टीबीएस, नवं उकळलेलं व्हॅनाडेट. तिन्ही औषधं ७ तास. या वेळी प्लेट हातात घेतल्याबरोबर कळलं: सेल्स फुगून सुटत होत्या, मीडियम गढूळ. पेलेट एवढा मोठा निघाला की आधीच्या तीन वेळा मी काय ओतून दिलं असतं याचा विचार केला नाही.

बँड आला, ५४ पाशी. नेक-१एसच्या लेनमध्ये पुसट, लॅम्डाच्या लेनमध्ये गायब. ढग नाहीत. अँटिबॉडी तीच, कोमट जेल पॅकवाली. हेलाचं जुनं लायसेट शेजारच्या लेनमध्ये चालवलं होतं, ते कोरंच.

जुनं_पिपेट दादा, नागपूरला आलात तर पोहे माझ्याकडून, तर्री तुम्ही म्हणाल तेवढी. फोटो लगेच मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: "टोटल एमएलकेएल कुठे आहे?"

उद्या मेम्ब्रेन स्ट्रिप करून राहिली आहे, म्हणजे जुनी अँटिबॉडी उतरवून, फॉस्फेट असो-नसो, सगळं एमएलकेएल पाहायला.