मदत हवी आहे: सेरुलिन देऊनही अमायलेज वाढत नाही, सिमव्हास्टॅटिन तपासू कसं?

अडकलेला_फार्मा
स्विस माउस, सेरुलिन टोचून केलेला पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाचा दाह). कंट्रोल आणि डिसीज ग्रुपच्या अमायलेजमध्ये (या दाहात रक्तात वाढणारं स्वादुपिंडाचं एन्झाइम) फरकच नाही. मग सिमव्हास्टॅटिनने (कोलेस्टेरॉलचं औषध, एक स्टॅटिन) कमी झालं हे दाखवू कशाच्या जोरावर? गाइड म्हणतात सेरुलिन दुप्पट करा. लवकर सांगा, सोमवारी पुढची बॅच आहे.

पेशीपुराण
डोस किती, किती वेळा, रक्त कधी घेतलं? काहीच न सांगता आम्ही काय डोंबल सांगणार?

अडकलेला_फार्मा
५० मायक्रोग्रॅम प्रति किलो, पोटाच्या पोकळीत टोचून, तासातासाला ७ वेळा. रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी. बाकी नेहमीचंच.

आर्जिनिनवाला
सेरुलिन सोडा. एल-आर्जिनिन ४ ग्रॅम प्रति किलो, तासाभराने पुन्हा तेवढंच. ७२ तासांनी खरं नेक्रोसिस (पेशी मरणं) दिसतं, आणि खर्च नगण्य.

स्लाइडबॉक्स
पीएच ७ वर आणायचं सांगायला विसरलात का? आर्जिनिन हायड्रोक्लोराइडचं द्रावण आम्ल असतं, तसंच टोचलं तर उंदीर त्यानेच जातील. शिवाय यांचं रडगाणं अमायलेजचं आहे, नेक्रोसिसचं नाही. मॉडेल बदललं की आयएईसीकडे (प्राणी-प्रयोगांना मंजुरी देणारी समिती) पुन्हा जावं लागेल ते वेगळंच. सोमवार विसरा.

पेशीपुराण
५० हा डोस आधीच सुप्रामॅक्सिमल (कमाल परिणामाच्याही वरचा) आहे, दुप्पट करून पैसे जातील फक्त. घोळ वेळेचा दिसतोय. शेवटच्या इंजेक्शननंतर पहिल्या काही तासांत अमायलेज चढलेलं असतं, दुसऱ्या दिवशी बरंच खाली येतं. १ तासाने रक्त घ्या. आणि ‘नेहमीचंच’ म्हणजे कुठली ट्यूब? जांभळ्या टोपणाची तर नाही ना?

अडकलेला_फार्मा
हो, जांभळीच. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) त्यातूनच होते. टोपणाचा काय संबंध?

पेशीपुराण
जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए कॅल्शियम पकडतं आणि अमायलेजला कॅल्शियमशिवाय काम करता येत नाही. सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) घ्या, नाहीतर हेपॅरिनची ट्यूब. सायट्रेटही नको. सिरम किटवर थेट लावू नका. उंदराचं अमायलेज मुळातच माणसाच्या कितीतरी पट. किटमधला सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) आधीच संपतो आणि दोन्ही ग्रुपचे आकडे एकाच ठिकाणी अडकतात. सलाइनने पातळ करा, सगळ्या नमुन्यांना एकच प्रमाण. पुन्हा दुप्पट पातळ करून गुणलेलं उत्तर जुळलं, तरच पहिला आकडा खरा.

गोळीगणित
स्टॅटिनचं कोणी विचारलंच नाही! माणसाचा ४० मिलिग्रॅम डोस, ६० किलोला ०.६७ प्रति किलो. गुणिले १२.३ (माणसाचा डोस माउसला बदलायचा गुणक), म्हणजे माउसला साधारण ८ मिलिग्रॅम प्रति किलो. ०.५ टक्के सीएमसीत (औषध तरंगत ठेवणारं घट्टसर द्रावण) रोज ताजं सस्पेन्शन. सिरिंज भरताना दरवेळी हलवा, नाहीतर शेवटच्या उंदराला सगळा गाळ. नुसत्या सीएमसीचा ग्रुप हवाच. कोलेस्टेरॉलही मोजा.

स्लाइडबॉक्स
कोलेस्टेरॉल कशाला? निरोगी उंदराचं यकृत उलट रिडक्टेज (स्टॅटिन अडवतं ते एन्झाइम) जास्त बनवतं, आकडा फारसा हलत नाही. तो हलला नाही म्हणून औषध निष्क्रिय ठरत नाही. इथे मुद्दा ऱ्हो-रॅक या सिग्नल प्रथिनांच्या प्रेनिलेशनचा (त्यांना चरबीची साखळी जोडण्याचा). एका ग्रुपला मेव्हॅलोनेट (रिडक्टेज बनवतं तो पदार्थ) सोबत द्या. फायदा पुसला गेला, तर तो रिडक्टेजमार्गेच होता. आणि आठवडाभर आधी स्टॅटिन देऊन ‘उपचार’ लिहू नका, तो प्रतिबंध झाला.

काळजीवाहू
ॲटोरव्हास्टॅटिन चालू असलेल्यांनी पॅन्क्रियाटायटिस झाल्यावर गोळी थांबवावी का?

गोळीगणित
ते पेशंटच्या डॉक्टरांना विचारा. इथे उंदीर चाललेत.

अडकलेला_फार्मा
एकाच उंदरातून सिरम आणि सीबीसी दोन्ही निघेल?

पेशीपुराण
खोल भूल देऊन हृदयातून शेवटचं रक्त घेतलंत तर ०.८ मिलीच्या आसपास मिळेल, पुरेल. आधी साध्या लाल ट्यूबमध्ये, मग जांभळीत. उलट कराल तर सुईबरोबर ईडीटीए सिरममध्ये जाईल. २४ तासांच्या हिस्टोलॉजीला (ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) वेगळे उंदीर ठेवा.