मदत हवी आहे : तान्ह्या बाळाची जीभ खालून जखडलेली, नाशिकमध्ये कोणाला दाखवावे?

नमस्कार. आमच्या दीड महिन्याच्या मुलीच्या जिभेखालचा पडदा आखूड असल्याने (टंग-टाय) रडताना जिभेचे टोक बदामासारखे मध्ये खचते, आणि अंगावर पिताना तिची पकड सुटून चटक्-चटक् आवाज येतो. वजन वाढते आहे, पण हळू. शिवाय माझ्या स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत.

एका डॉक्टरांनी पडदा लगेच कापून घ्या असे सुचवले, तर दुसऱ्यांच्या मते आधी पाजण्याची पद्धत सुधारून पाहावी. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा 2024 चा अहवालही सरसकट कापण्याच्या बाजूचा नाही, त्यामुळे मला दुसरे मत अधिक पटते. सासूबाईंना मात्र मूल पुढे बोबडे बोलेल याचीच धास्ती आहे. केवळ त्या भीतीपोटी आत्ताच कापणे मला योग्य वाटत नाही.

नाशिकमध्ये, शक्यतो गंगापूर रोड किंवा इंदिरानगर परिसरात, प्रत्यक्ष पाजताना पाहून मार्गदर्शन करणाऱ्या स्तनपान सल्लागार कोणाला माहीत आहेत का? ज्यांनी बाळाचा पडदा कापून घेतला, त्यांनी तो बालशल्यचिकित्सकांकडून की कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून, कात्रीने की लेझरने, आणि त्यानंतर पिण्यात नेमका किती फरक पडला, हे कृपया कळवावे.