ग्रुपात एकाने घाण केली की सगळेच गुन्हेगार?

चहाबाज: परवा मित्राशी वाद झाला. बातमीत "अमुक ग्रुपचा सदस्य" एवढं आलं की आपण सगळ्यांनाच त्यात धरतो ना? शेकडो ग्रुप मी म्यूट करून ठेवलेत, त्यात काय चाललंय देव जाणे.

नागपुरी_संत्री: २०२० चं दिल्लीचं बॉइज लॉकर रूम आठवा. इन्स्टावरच्या त्या ग्रुपात मुलींचे फोटो टाकून घाणेरड्या कमेंट चालायच्या, ते वाईटच, पण त्याच्यासोबत बलात्काराच्या प्लॅनिंगचा एक स्क्रीनशॉट फिरला आणि चॅनेलवाल्यांनी तो ह्यांच्याच नावावर खपवला. नंतर पोलीस म्हणाले की ते स्नॅपचॅटवरचं वेगळंच चॅट होतं, एक मुलगी मुलाच्या नावाने बोलत होती, ग्रुपशी संबंध नाही. ही बातमी किती जणांनी वाचली असेल?

साधी_सोनाली: हो पण म्हणून ते पोरगे धुतल्या तांदळासारखे होत नाहीत हां. गप्प बसून मजा बघणाऱ्यांचं काय?

नागपुरी_संत्री: ते वेगळं. त्यांना त्यांनी केलं त्याचा जाब विचारा, दुसऱ्याच्या चॅटचा नको.

वकीलसाहेब: २०२१ मध्ये आपल्या हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या केसमध्ये हेच सांगितलं, समान हेतू किंवा आधीचा कट दिसत नसेल तर मेंबरच्या पोस्टसाठी व्हॉट्सअॅप ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. नुसता मेंबर तर लांबच.

चहाबाज: वा, म्हणजे सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन राहायला हरकत नाही 😅